'आम्ही' आणि 'आपण' : एका गीताचा प्रवास आणि अमेरिकी उदारमतवाद

प्रास्ताविक

१५ मार्च १९६५ रोजी रात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीपुढे मताधिकार विधेयकाच्या समर्थनार्थ भाषण केले. सुमारे ७ कोटी लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. आठवडाभरापूर्वी, ७ मार्चला, अलाबामा राज्यातील सेल्मा येथे शांततेने निघालेल्या मोर्चावर घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर यांच्या साहाय्याने हल्ला केला होता. त्याची दृश्ये घरोघरी पोहोचली होती. भाषणाच्या ओघात जॉन्सन यांनी तीन शब्द उच्चारले : 'वुई शॅल ओव्हरकम'. ते नागरी हक्क चळवळीच्या गीताचे ध्रुवपद होते. दक्षिणेतील एका राज्यातून आलेल्या, टेक्सासची ढब बोलण्यात बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या मुखी ते शब्द येताच सभागृहातील बहुसंख्य सदस्य उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग त्या वेळी सेल्मा येथे एका स्नेह्याच्या घरी भाषण पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, अशी आठवण त्यांचे सहकारी जॉन ल्यूइस यांनी नोंदविली आहे. विद्यार्थी संघटनेचे नेते जेम्स फोरमन यांना मात्र त्या रात्री एक चांगले गाणे नासले असे वाटले.

एकाच वाक्यावरील या दोन प्रतिक्रियांचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मराठी व्याकरणाची थोडी मदत घ्यावी लागेल. इंग्रजीतील 'वुई' या सर्वनामाला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तेव्हा 'आम्ही', त्याला सामावून घ्यायचे तेव्हा 'आपण'. (आदरार्थी 'आपण' हा निराळाच, त्याचा येथे संबंध नाही.) मराठी अनुवादकाला हे गीत हाती घेताच पहिल्या शब्दापाशीच निवड करावी लागते. इंग्रजी गायकाला ती कधीच करावी लागली नाही. विसाव्या शतकातील अमेरिकी उदारमतवादाची शक्ती आणि त्याची मर्यादा या न केलेल्या निवडीत दडलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात 'उदारमतवाद' म्हटले की रानडे-गोखल्यांची सनदशीर परंपरा आठवते. अमेरिकेत १९३० च्या दशकातील न्यू डीलपासून या शब्दाला निराळा आशय लाभला. बाजारपेठेने निर्माण केलेली विषमता आणि वर्णभेदाने लादलेला अन्याय दूर करण्यासाठी केंद्रीय शासनाने हस्तक्षेप करावा, असे मानणारा तो उदारमतवादी. अर्थात, हस्तक्षेप केव्हा आणि किती, हा प्रश्न मतांच्या गणिताशी बांधलेला होता. १९३९ मध्ये विख्यात कृष्णवर्णीय गायिका मारियन अँडरसन यांना वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाण्यास 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेने मज्जाव केला. एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. गृहविभागाचे मंत्री हॅरॉल्ड इक्स यांच्या पुढाकाराने ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन यांचे गायन झाले. ७५ हजार श्रोते जमले. त्याच रूझवेल्ट प्रशासनाने झुंडबळींविरुद्धच्या विधेयकासाठी मात्र जोर लावला नाही, कारण दक्षिणेतील सिनेटरांची मते दुखावणे परवडणारे नव्हते. गायनाला व्यासपीठ मिळाले, कायदा मिळाला नाही.

चार्ल्स्टनचा संप

गीताचा उगम शोधताना संगीताचे अभ्यासक सामान्यतः फिलाडेल्फियाचे मेथॉडिस्ट धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांच्या १९०१ च्या सुमाराच्या एका भजनाकडे बोट दाखवितात. चाल तिथूनच आली की अन्य जुन्या लोकभजनांतून, याविषयी मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा आरंभ ऑक्टोबर १९४५ मध्ये होतो. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात संप सुरू झाला. संपकऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या मोठी होती. वेतनवाढ आणि भेदभावाचा अंत या त्यांच्या मागण्या होत्या. हिवाळ्याच्या पावसात कारखान्यासमोर धरणे धरून बसलेल्या या स्त्रियांपैकी ल्युसिल सिमन्स ही दिवसाअखेरीस एक भजन म्हणत असे. तिची लय अतिशय संथ होती. एकेक अक्षर लांबवीत, चर्चमधील जुन्या पद्धतीने ती गाई आणि बाकीच्या त्यात आपापला सूर मिसळीत. 'मी' च्या जागी तिने 'वुई' योजिले, असे त्या संपातील स्त्रियांनी पुढे सांगितले.

या बदलाकडे सहसा कौतुकाने पाहिले जाते. व्यक्तिगत मोक्षाचे भजन सामूहिक लढ्याचे गीत झाले, ही मांडणी आकर्षक आहे. परंतु बर्निस जॉन्सन रीगन यांनी तिला दिलेला छेद अधिक मोलाचा वाटतो. रीगन (मृत्यू २०२४) या जॉर्जिया राज्यातील ऑल्बनीच्या चळवळीत घडलेल्या गायिका. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्रीडम सिंगर्स' या चमूत त्या होत्या आणि पुढे इतिहासकार म्हणून त्यांनी स्मिथसोनियन संस्थेत काम केले. त्यांच्या म्हणण्यानुसार कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये समूह व्यक्त करायचा असेल तर 'मी' असेच म्हणावे लागते. प्रत्येकाने 'मी' म्हटले की प्रत्येकाची हजेरी लागते. 'वुई' म्हटल्यावर नेमके कोण येणार याची शाश्वती उरत नाही. म्हणजे ज्याला आपण व्यक्तिवादी सर्वनाम समजतो ते बांधिलकीचे, आणि ज्याला सामूहिक समजतो ते पळवाट ठेवणारे. तरीही चार्ल्स्टनच्या फाटकापाशी 'वुई' कोण, याविषयी संदिग्धता नव्हती. समोर कंपनी होती. तो निखळ 'आम्ही' होता.

हायलँडर, साम्यवादविरोध आणि उदारमतवाद्यांचे मौन

संपातील काही स्त्री-कामगार १९४६ मध्ये टेनेसी राज्यातील माँटीगल येथील हायलँडर फोक स्कूलमध्ये प्रशिक्षणासाठी गेल्या. माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी १९३२ मध्ये स्थापिलेली ही संस्था कामगार कार्यकर्त्यांची शाळा होती आणि गोऱ्या-काळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवण्यास तिथे मज्जाव नव्हता. दक्षिणेत हे जवळजवळ बंडच होते. संगीत विभागाच्या प्रमुख झिल्फिया हॉर्टन यांनी गीत आत्मसात केले आणि लोकगायक पीट सीगर यांना शिकविले. 'विल' च्या जागी 'शॅल' सीगर यांच्यामुळे आले असे मानतात. ते स्वतः मात्र त्याचे श्रेय सेप्टिमा क्लार्क यांचेही असू शकेल असे सांगत. रोझा पार्क्स माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार देण्यापूर्वी काही महिने, १९५५ च्या उन्हाळ्यात, याच संस्थेच्या शिबिराला आल्या होत्या. संस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, १९५७ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांनी सीगर यांच्या तोंडून हे गीत ऐकले.

याच कालखंडात अमेरिकी उदारमतवादाची कसोटी लागली आणि त्यात तो उणा पडला, असे स्पष्ट म्हणावे लागते. चार्ल्स्टनचा संप ज्या अन्न व तंबाखू कामगार संघटनेने चालविला, तिला साम्यवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून १९५० मध्ये सीआयओ या कामगार महासंघाने काढून टाकले. सीआयओ म्हणजे प्रतिगाम्यांचा अड्डा नव्हे, न्यू डील आघाडीचा तो कणा होता. ह्यूबर्ट हम्फ्री यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९४८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात नागरी हक्कांचा पुरस्कार करणारे गाजलेले भाषण त्यांचे. साम्यवादी पक्षाला बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या कायद्याला सिनेटमध्ये चालना देणारेही तेच. मॅकार्थीवर टीका करायची आणि त्याच्या हत्याराला धारही लावून द्यायची, हा त्या पिढीचा विरोधाभास होता.

सीगर यांना प्रतिनिधीगृहाच्या अन-अमेरिकन कारवाया समितीपुढे १८ ऑगस्ट १९५५ रोजी बोलावण्यात आले. अशा प्रसंगी साक्षीदार बहुधा पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे तिच्यायोगे म्हणता येई. त्यात शिक्षा टळे, परंतु काहीतरी लपवीत असल्याचा संशय चिकटे. सीगर यांनी तो मार्ग पत्करला नाही. माझ्या श्रद्धा, माझी मते आणि मी कोणासमोर गायलो हे विचारण्याचा समितीला अधिकारच नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिला आधार होता पहिल्या घटनादुरुस्तीचा. १९४७ मध्ये हॉलिवुडमधील दहा जणांनी हाच पवित्रा घेऊन तुरुंगवास भोगला होता, हे सीगर जाणून होते. आपण सर्व राजकीय मतांच्या अमेरिकनांसमोर गायलो आहोत, असे त्यांनी सांगितले आणि समितीला गाणे म्हणून दाखविण्याची तयारीही दर्शविली. समितीने ते ऐकण्याचे नाकारले. १९५७ मध्ये आरोपपत्र, १९६१ मध्ये एक वर्षाची शिक्षा आणि १९६२ मध्ये अपील न्यायालयाकडून आरोपपत्रातील दोषावरून सुटका, असे हे प्रकरण सात वर्षे चालले. प्रमुख दूरचित्रवाहिन्यांची दारे त्यानंतरही बंदच राहिली.

हायलँडरवर ३१ जुलै १९५९ च्या रात्री पोलिसांनी धाड घातली. दिवे मालविण्यात आले. अंधारात बसविलेल्या मुला-माणसांनी हेच गीत सुरू केले आणि माँटगोमेरीहून आलेल्या जमिला जोन्स या चौदा वर्षांच्या मुलीने त्यात भय नसल्याचे एक कडवे घातले. राज्य शासनाने १९६१ मध्ये संस्थेची सनद रद्द केली, मालमत्तेचा लिलाव केला. संस्था नव्या नावाने नॉक्सव्हिल येथे उभी राहिली.

एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची समन्वय समिती, म्हणजेच 'स्निक', स्थापन होत होती. तिथे हायलँडरचे गाय कॅरावान यांनी गिटारीच्या साथीने हे गीत शिकविले. विद्यार्थ्यांनी काही महिन्यांतच गिटार बाजूला ठेवली. साथीशिवाय, हातांची अढी घालून शेजाऱ्याचा हात धरून, डोलत गाण्याची जी प्रथा जगाला परिचित आहे ती या काळातली. तुरुंगात, चर्चमध्ये, पोलिसांच्या कुत्र्यांपुढे ते गायले गेले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात जोन बाएझ यांनी ते गाइले, तेव्हा जमाव अडीच लाखांच्या आसपास होता आणि गाणाऱ्यांत गोरेही पुष्कळ होते. 'आम्ही' चे 'आपण' होऊ लागले होते.

अटलांटिक सिटी, १९६४

या रूपांतराची किंमत पहिल्यांदा उघड झाली ती अटलांटिक सिटी येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात. मिसिसिपी राज्यातून आलेले पक्षाचे अधिकृत प्रतिनिधी सर्व गौरवर्णीय होते. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदणीच नाकारलेली असल्यामुळे ते स्वाभाविकच होते. त्यांना आव्हान देणारा 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' हा पर्यायी पक्ष उभा राहिला. त्याच्या प्रतिनिधी फॅनी लू हेमर या शेतमजूर होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इंडियानोला येथे मतदार नोंदणीसाठी गेल्या. परतताना पोलिसांनी बस अडविली, आणि भेदरलेल्या सहप्रवाशांना धीर देण्यासाठी त्यांनी भजने म्हणावयास सुरुवात केली. त्याच दिवशी अठरा वर्षे काम केलेल्या मळ्यातून त्यांना घालवून देण्यात आले. पुढे जून १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अधिवेशनाच्या समितीपुढे हेमर साक्ष देत असताना जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलाविली आणि कॅमेरे तिकडे वळविले. युक्ती फसली, वाहिन्यांनी ती साक्ष रात्री पुन्हा दाखविली. मग तडजोड पुढे आली : पर्यायी पक्षाला दोन जागा, त्याही सर्वसाधारण प्रतिनिधी म्हणून, आणि माणसे कोणती तेही ठरवून दिलेले. बोलणी करणाऱ्यांत ह्यूबर्ट हम्फ्री अग्रभागी होते. त्यांची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी या प्रकरणाच्या निकालावर अवलंबून होती. हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तडजोड धुडकावली. एवढ्या लांबून आपण दोन जागांसाठी आलो नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

उदारमतवाद्यांची बाजूही येथे नोंदविली पाहिजे. हम्फ्री यांनीच त्या वर्षीचा नागरी हक्क कायदा सिनेटमधील प्रदीर्घ अडथळ्यांतून तडीस नेला होता. दक्षिणेतील प्रतिनिधी उठून गेले आणि निवडणूक बॅरी गोल्डवॉटर यांच्याकडे गेली, तर तोही कायदा धोक्यात येईल, ही भीती निराधार नव्हती. तरीसुद्धा दोन जागांच्या त्या देकाराचा अर्थ बदलत नाही. 'आपण' मध्ये कोणाला किती जागा, हे 'आपण' मधल्याच काहींनी ठरवायचे होते.

राष्ट्राध्यक्षांचे सर्वनाम

आता पुन्हा १५ मार्चच्या भाषणाकडे वळू. रिचर्ड गुडविन यांनी एका दिवसात तयार केलेल्या त्या मसुद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जॉन्सन प्रथम म्हणतात की हा लढा केवळ कृष्णवर्णीयांचा नाही. द्वेष आणि अन्याय यांच्या पंगू करणाऱ्या वारशावर मात करावयाची आहे ती सर्वांनाच. ध्रुवपद येते ते त्यानंतर. अर्थात सर्वनामाची व्याख्या आधीच केलेली आहे. हा 'आपण' आहे, आणि तो जाणीवपूर्वक उच्चारलेला आहे. १९२८ मध्ये कोटुला येथे मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकविल्याची आठवणही जॉन्सन त्याच भाषणात सांगतात, तीत दिखाऊपणा नाही. परंतु सर्वनामाबरोबर कर्मही बदलले. चार्ल्स्टनला मात करावयाची होती ती कंपनीवर, सेल्माला शेरीफवर. भाषणात उरतो तो 'वारसा'. वारशाला मालक नसतो. त्याच्यापुढे कोणी धरणे धरू शकत नाही.

म्हणून फोरमन यांचा संताप समजण्यासारखा आहे. तरी प्रस्तुत लेखकाला तो अपुरा वाटतो. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी झाली. साक्षरता चाचण्या स्थगित झाल्या, केंद्रीय निरीक्षक दक्षिणेत गेले. मिसिसिपीमध्ये नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण कायद्यापूर्वी ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेले. केवळ शब्दांची उचलेगिरी असती तर ही आकडेवारी घडली नसती. शासनाने 'आपण' म्हणणे याचा अर्थ शासनाची यंत्रणा त्या बाजूला उभी राहणे असाही असतो, आणि १९६५ मध्ये काही काळ तो तसा होता.

अडचण अशी की त्याच यंत्रणेला दुसरीही कामे होती. सेल्माच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ८ मार्च १९६५ रोजी, साडेतीन हजार मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांग येथे उतरले होते. 'मात करण्या'चा निर्धार तिथेही होता. गायकांनी ही विसंगती राजकारण्यांच्या आधी टिपली. फिल ऑक्स यांचे 'लव्ह मी, आय ॲम अ लिबरल' हे १९६६ मधील उपहासगीत प्रतिगाम्यांवर नाही. सभेला येणाऱ्या, वर्गणी देणाऱ्या आणि प्रश्न स्वतःच्या दाराशी येताच पाऊल मागे घेणाऱ्या सज्जनांवर आहे. सीगर यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये अखेर सीबीएस वाहिनीच्या कार्यक्रमात पुनरागमन केले, तेव्हा युद्धाकडे अंगुलिनिर्देश करणारे त्यांचे गाणे वाहिनीने कापले. ते फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रक्षेपित होऊ शकले. सर्व मतांच्या लोकांसमोर गाण्याचा हक्क समितीपुढे मागणाऱ्या माणसाला उदारमतवादी प्रशासनाच्या काळातही कात्री चुकली नाही.

दरम्यान चळवळीतच गाण्याविषयी संशय वाढला होता. माल्कम एक्स यांनी १९६४ मध्येच गाणी पुरे झाली, असे बजावले होते. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कार्मायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दिली. तिच्यातला 'आम्ही' पुन्हा एकदा ऐकणाऱ्याला वगळणारा होता, आणि तो तसा आहे हे गोऱ्या सहकाऱ्यांना लगेच कळले. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते या प्रवाहातून निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना. शंभर वर्षांत महाराष्ट्राने अमेरिकेकडून आधी 'आपण' चा आदर्श घेतला आणि नंतर 'आम्ही' चा.

गीताची मालकी

भारतात हे गीत रुळले ते गिरिजाकुमार माथुर यांच्या 'हम होंगे कामयाब' या हिंदी रूपाने. हिंदी 'हम' इंग्रजी 'वुई' प्रमाणेच दोन्ही अर्थ पोटात घेतो. शिवाय 'मात करणे' या क्रियेच्या जागी 'यशस्वी होणे' आले, म्हणजे कर्म पूर्णच गळाले. शाळेच्या प्रार्थनेत ते सहज सामावले, यात नवल नाही. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' (१९८३) या चित्रपटात मुंबईतील बिल्डर आणि महापालिका अधिकारी यांच्या साटेलोट्यात निरपराध छायाचित्रकार बळी जातात आणि अखेरीस हेच गीत वाजते. कर्म गळालेल्या गीताचा इतका नेमका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

अमेरिकेत मात्र कायद्याची पीछेहाट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मताधिकार कायद्यातील ते सूत्र रद्द केले, ज्यानुसार काही राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागे. १९६५ मधील परिस्थिती आता उरली नाही, असा युक्तिवाद बहुमताने केला. वारशावर मात करून झाली आहे, असेच जणू त्याचे म्हणणे होते.

गीताच्या मालकीचा वादही न्यायालयात गेला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याचा कॉपीराइट नोंदविण्यात आला तो झिल्फिया हॉर्टन, फ्रँक हॅमिल्टन, गाय कॅरावान आणि पीट सीगर यांच्या नावे. गीताचा बाजारू वापर होऊ नये आणि मानधन हायलँडरमार्फत दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाच्या सांस्कृतिक कार्याला मिळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो बव्हंशी पाळलाही गेला. २०१७ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी निर्णय दिला की परिचित पहिल्या कडव्यातील 'विल' चे 'शॅल' होणे यांसारखे बदल कॉपीराइटला पात्र ठरावेत इतके मौलिक नाहीत. जानेवारी २०१८ मधील तडजोडीनंतर गीत सर्वांसाठी खुले झाले. नोंदणीपत्रातील चारही नावे गौरवर्णीयांची होती. ल्युसिल सिमन्स हे नाव त्यांत नव्हते.